किक, काटा, लाल लिव्हर

१४ डिसेंबर

भाच्याने शेवटी गाडी आणलीच. यामाहाची वायझेड २५० एफ, २००८ची, कार्बुरेटरवाली, दोन मालक फिरून आलेली. हेडलाइट नाही, चावी नाही, बॅटरी नाही, सेल्फ तर नाहीच. रस्त्यावर चालवायची नाही म्हणून टेम्पोतून आली. उतरवल्या उतरवल्या त्याने किकवर पाय ठेवला आणि घामाघूम झाला. हा मुलगा माझ्या आरएक्स १०० वर गाडी शिकला. ती टू-स्ट्रोक. पायात चप्पल असली तरी सुरू होते.

आयटीआयत इतकी वर्षं पोरांना शिकवलं, त्यामुळे खडू नसला तरी बोट जमिनीवर फिरतंच. धुळीत चार रेघा ओढल्या. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा कॉम्प्रेशन येतं आणि एकदा ठिणगी पडते. फोर-स्ट्रोकला तेच काम करायला दोन फेरे लागतात. आत ओढायचं, दाबायचं, पेटवायचं, बाहेर टाकायचं. पायाची एक किक क्रँकला फार तर दोनेक फेरे देते. म्हणजे एका किकमध्ये हिला पेटायची संधी साधारण एकदाच. ती हुकली की किक पुन्हा वर.

त्यात दाब. या इंजिनाचं कॉम्प्रेशन साडेबारास एक. पिस्टन अर्ध्या वाटेवर, दाबाच्या तोंडाशी थांबलेला असताना किक मारली, तर पायाला वेग यायच्या आतच भिंत लागते. ठिणगी तर पिस्टन पूर्ण वर पोचण्याआधीच पडते. वेग कमी पडला आणि नेमकी तेव्हाच ठिणगी पडली, की पिस्टन मागे ढकलला जातो आणि किक उलटी येते. आमच्याकडे म्हणतात, गाडीने ‘रिटर्न’ मारली. घोटा, पोटरी, गुडघा, यांतलं काहीही जातं. म्हणून पहिला नियम बुटांचा. बूट नाहीत तर किक नाही.

मग पद्धत. किक हळूहळू दाबत न्यायची, ती घट्ट होते तिथे थांबायचं. तिथे पिस्टन दाबाच्या टोकाला आला. आणखी जरासं, बोटभर, पुढे ढकलायचं, म्हणजे तो टोक ओलांडतो. आता किक सोडून पूर्ण वर येऊ द्यायची आणि मग एकच लांब किक, तळापर्यंत. असं केलं की पुढचा दाब यायच्या आधी तीन स्ट्रोक मोकळे मिळतात. लांब उडी मारणारा मागे जाऊन धावत येतो ना, तितकी जागा पायाला मिळते. तो म्हणाला, “मामा, हे आधी कुणी सांगितलं नाही.” विकणाऱ्याने कशाला सांगावं!

आज अंधार पडला. उद्या सकाळी.

१५ डिसेंबर

निफाडकडून येणारे म्हणतात पारा एक आकडी झाला, द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्यात. थंड इंजिन शिकवायला याहून बरा दिवस नाही.

कार्बुरेटरच्या डाव्या अंगाला काळं बटण आहे, तो चोक. खरं तर याला चोक म्हणणं जुन्या सवयीचं आहे. जुन्या कार्बुरेटरमध्ये हवेच्या वाटेत पडदा आडवा यायचा. इथे, कीहिनच्या एफसीआर कार्बुरेटरमध्ये, बटण ओढलं की पेट्रोलची एक जादा वाट उघडते. परिणाम तोच, मिश्रण दाट. दाट का लागतं? पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते. थंडगार सिलिंडरमध्ये गेलेल्या पेट्रोलचा बराचसा भाग भिंतींना चिकटून राहतो. उरलेल्या थोड्याशा वाफेने काम भागवायचं तर मुळात जास्त पेट्रोल पाठवावं लागतं.

त्यात आता ई-२०. पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल, त्यातलं काही आपल्याच साखर कारखान्यांच्या मळीतून आणि उसाच्या रसातून आलेलं. शेतकऱ्याला त्याचा फायदा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण थंड इंजिनाच्या बाजूने विचार केला तर इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. शिवाय शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, ई-२०ला साडेतेराच्या आसपास. शुद्ध पेट्रोलवर जेट बसवलेला २००८चा कार्बुरेटर ई-२०वर आपोआप पातळ चालतो. म्हणून थंडीत ही गाडी चोक जास्त वेळ मागणार. ती बिघडली असं समजायचं कारण नाही. पायलट जेट एक नंबर मोठा घातला की सुधारेल.

दुसरी मदत याच कार्बुरेटरच्या पोटात आहे, अ‍ॅक्सिलरेटर पंप. मूठ पिळली की एक बारीक चिळकांडी थेट पेट्रोलच्या रूपात आत जाते. इंजिन बंद असतानाही. थंड गाडीला हे वरदान. चोक ओढायचा, मूठ दोन-तीनदा पूर्ण पिळायची, सोडायची, पिस्टन टोकापुढे आणायचा, आणि किक मारताना मूठ बंद. भाच्याचा हात सुटत नाही. आरएक्सला किक मारता मारता रेस द्यायची सवय. इथे प्रत्येक पिळण्याला चिळकांडी, आणि थोड्याच वेळात प्लग ओला. शेवटी त्याला उजवा हात हँडलवर पालथा ठेवायला सांगितला, म्हणजे मूठ पिळताच येऊ नये. सुरू झाली. आवाजाने गल्लीतली दोन कुत्री आणि जोशीकाकू, तिघंही बाहेर आली.

१९ डिसेंबर

शेजारच्या नानांची जुनी बुलेट. भाच्याला मुद्दाम घेऊन गेलो, कारण त्याने परवा शिकलेली गोष्ट बुलेटवाले अनेक दशकं करत आले आहेत, आणि तीही डोळ्यांनी बघून.

हेडलाइटच्या वरच्या खोळीत अँपिअरमीटर. चावी लावली, किक हळू दाबली. ठिणगीचे पॉइंट जुळले की काटा डावीकडे पडतो, उघडले की मध्ये येतो. बुलेटचे पॉइंट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतात, त्यामुळे हा खेळ दोन फेऱ्यांत एकदाच होतो आणि काटा मध्ये आला म्हणजे पिस्टन दाबाच्याच टोकाजवळ आहे हे पक्कं कळतं. मग डाव्या हाताशी डिकॉम्प्रेसरचा लिव्हर. तो ओढला की दाबलेल्या हवेला बाहेर पडायला वाट मिळते, फुस्स होतं, किक अलगद थोडी पुढे जाते. लिव्हर सोडायचा, किक वर आणायची, आणि एकच मारायची. नानांनी बसल्या जागेवरून, बोलणं न थांबवता सुरू केली. नाना गाडी बंदही त्याच लिव्हरने करतात. चावीला हात लावत नाहीत.

बुलेटचं कॉम्प्रेशन या यामाहाच्या जवळपास निम्मं, पण एकाच सिलिंडरचं साडेतीनशे सीसीचं इंजिन आणि जड फ्लायव्हील, त्यामुळे रिटर्न मारली तर तीही माणसाला उडवते. नाना पोटरीवरची जुनी खूण दाखवतात आणि तिच्याबद्दल बोलताना खूश होतात. बुलेटवाल्यांचं हे मला कधी समजलं नाही.

घरी आल्यावर त्याला जपान्यांची गोष्ट सांगितली. १९७६ साली यामाहाने एक्सटी ५०० बाजारात आणली, मोठा सिंगल सिलिंडर, फक्त किक. तिला डिकॉम्प्रेशनचा लिव्हर तर होताच, शिवाय सिलिंडर हेडला एक छोटी काचेची खिडकी. कॅमशाफ्टवरची खूण त्या खिडकीत आली की किक मारायची. काट्याचं काम खिडकीने केलं, एवढंच. १९७९ची पहिली पॅरिस-डकार रॅली सिरिल नेव्हने याच गाडीवर जिंकली, पुढच्या वर्षीही. वाळवंटात गाडी पडली, इंजिन तापलेलं, पाय थकलेले, आणि तरी त्या खिडकीत वाकून बघायचं. याच घराण्यातली एसआर ४०० तर यामाहाने २०२१पर्यंत बनवली, शेवटपर्यंत सेल्फशिवाय. खिडकीही शेवटपर्यंत होती.

२३ डिसेंबर

“मग माझ्या गाडीला तो लिव्हर का नाही?”

आहे. आतमध्ये आहे. एक्झॉस्टच्या कॅमशाफ्टवर एक चिमुकलं वजन आणि एक खिळा. किकच्या वेगाने कॅम फिरतो तेव्हा वजन आत बसलेलं असतं आणि खिळा कॅमच्या गोलाईबाहेर जरासा डोकावतो. तेवढ्याने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दाबाच्या स्ट्रोकमध्ये थोडा वेळ किंचित उघडा राहतो आणि थोडी हवा निसटते. पाय सुटतो. इंजिन पेटलं, फेरे वाढले, की वजन केंद्रापासून बाहेर फेकलं जातं, खिळा आत जातो, आणि पुढे पूर्ण दाब मिळतो. चालवणाऱ्याला काही करायचं नाही. त्याआधी, १९७९च्या सुमारास, होंडाच्या पाचशे सीसीच्या गाड्यांमध्ये किकच्या दांड्यापासून एक केबल थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हपर्यंत नेलेली असायची. तीही चांगली युक्ती, पण केबल ताणते, गंजते, आणि सेटिंग मागते.

या आतल्या खिळ्याचा एक परिणाम मेकॅनिकांच्या लक्षात येत नाही, म्हणून लिहून ठेवतो. प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावून किक मारली तर या गाडीचा आकडा कमीच येणार, कारण किकच्या वेगाला हवा मुद्दाम सोडली जाते. तो आकडा बघून “रिंगा गेल्या” म्हणणारे मी पाहिलेत. त्यांनी मालकांना नवा पिस्टनही घालायला लावला. अशा गाडीची खरी तपासणी लीकडाउनची. पिस्टन दाबाच्या टोकाला आणून ठेवायचा, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि कान लावायचा. कार्बुरेटरमधून सुसकारा आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट, क्रँककेसच्या नळीतून आला तर रिंगा. गेजपेक्षा कान बरा.

आणि दुसरी गोष्ट. हा खिळा व्हॉल्व्हला किती उचलणार हे टॅपेटच्या, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हमधल्या, फटीवर अवलंबून. एक्झॉस्टची फट वाढली तर खिळ्याची उचल फटीतच संपते आणि किक अचानक दगडासारखी होते. लोक म्हणतात, कॉम्प्रेशन वाढलं. वाढत नसतं ते.

२८ डिसेंबर

ट्रॅकवर. शहराबाहेर एका शेतकऱ्याने पडीक रानात पोरांना माती ओढून टेकाडं करून दिलीत. २०२४च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, ती बघून आल्यापासून या पोरांच्या अंगात आलंय.

भाचा दुसऱ्या टेकाडावर आडवा झाला. त्याला काही नाही, गाडी बंद. मग किक, किक, किक. मी तिथपर्यंत चालत जाईतो तो हेल्मेट काढून बसला होता.

पडलेली गाडी वेगळी आणि थंड गाडी वेगळी, उपायही उलटे. गाडी आडवी पडली की फ्लोटच्या कुंडीतलं पेट्रोल वाहून इनटेकमध्ये जातं. इंजिन तापलेलं, त्यामुळे वाफ भरपूर. मिश्रण गरजेपेक्षा फार दाट, आणि त्यात घाबरलेल्या माणसाने मूठ पिळली की पंपाची चिळकांडी आणखी. इथे हवा हवी. ती देण्यासाठी डाव्या मुठीवर क्लचजवळ छोटा लाल लिव्हर असतो, हॉट स्टार्ट. तो ओढून धरला की कार्बुरेटरच्या स्लाइडला वळसा घालून हवेची एक वेगळी वाट उघडते. मूठ बंद, लाल लिव्हर ओढलेला, एक शांत किक. पेटली की लिव्हर सोडायचा.

फारच ओव्हर झाली असेल तर आणखी एक पायरी. किल बटण दाबून ठेवायचं, मूठ पूर्ण उघडायची, आणि काही किका हळू मारून आतलं बाहेर काढायचं. मग मूठ बंद करून नेहमीची किक. उघड्या मुठीने स्लाइड उचललेली राहते आणि हवा पेट्रोलला घेऊन बाहेर जाते. मूठ उघडी धरायची, पंपासारखी सारखी पिळायची नाही, हे तीनदा सांगावं लागतं.

गिअरबद्दलही बोललो. ही गाडी क्लच ओढून गिअरमध्येही किकने सुरू होते, बुलेट होत नाही. पण तेल घट्ट असलं तर क्लचच्या प्लेटा चिकटतात आणि पायावर ओझं येतं. वेळ असेल तर न्यूट्रल शोधावा. रेसमध्ये वेळ नसतो, ते मान्य.

 

४ जानेवारी

पाऊस नाही, काम नाही, म्हणून इतिहास. हे सगळे लिव्हर डर्ट बाइकवर आले कुठून, हे भाच्याने विचारलं.

नव्वदच्या दशकात मोटोक्रॉस म्हणजे टू-स्ट्रोक असाच अर्थ होता. फोर-स्ट्रोक जड, सुस्त, सुरू करायला त्रासाची, म्हाताऱ्यांची. १९९७च्या मे महिन्यात लास व्हेगासच्या सुपरक्रॉसमध्ये डग हेन्रीने यामाहाची चारशे सीसीची प्रायोगिक फोर-स्ट्रोक आणली आणि जिंकला. सुपरक्रॉसमध्ये फोर-स्ट्रोकचा तो पहिला विजय. पुढच्याच वर्षी वायझेड ४०० एफ दुकानात आली आणि हेन्रीने तिच्यावर अमेरिकेची २५० गटाची मोटोक्रॉस स्पर्धा जिंकली. जगभरच्या पोरांनी ती घेतली, आणि मग पहिल्याच रविवारी सगळ्यांच्या लक्षात आलं की हिला सुरू करणं ही स्वतंत्र विद्या आहे.

तिला डाव्या हाताला डिकॉम्प्रेशनचा लिव्हर होता, कार्बुरेटरवर चोक होता, आणि हॉट स्टार्टचं लाल बटणही कार्बुरेटरवरच, म्हणजे चिखलात पडल्यावर खाली वाकून ओढायचं. वेगवान मुलगा पहिल्या वळणावर पडला की सगळं मैदान पुढे निघून जायचं आणि हा आपला टोक शोधत बसलेला. कंपन्यांनी पुढे केलेलं सगळं काम याच एका दृश्याला उत्तर म्हणून आहे. हॉट स्टार्ट हँडलवर आला. डिकॉम्प्रेशन कॅमवर गेलं. मग पेट्रोलचं इंजेक्शन आलं, आणि वायझेड २५० एफला ते २०१४ला मिळालं. इंजेक्शनच्या किकवाल्या गाडीत बॅटरी नसते, पायाच्या पहिल्या झटक्यातून तयार झालेली वीज कॉम्प्युटर, पेट्रोलपंप आणि ठिणगी तिघांना पुरवावी लागते. म्हणून तिथे अर्धवट किकेला शून्य किंमत.

११ जानेवारी

गाडी बिघडली, आणि हे मला अपेक्षित होतं.

लक्षणं लिहून ठेवतो. पंधरा दिवसांपूर्वी फक्त पडल्यावर लाल लिव्हर लागत होता. गेल्या रविवारी न पडताही लागला. आज गरम असताना लिव्हर ओढूनही किकेने येईना, मात्र उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये घालून, सीटवर धपकन बसत क्लच सोडला की लगेच सुरू. ट्रॅकवरच्या पोरांचं निदान तयार होतं. एक म्हणाला जेट बदला, दुसरा म्हणाला प्लग इरिडियमचा घाला, तिसऱ्याने मोबाइलवर नवा कार्बुरेटर काढून दाखवला.

धक्का मारून येते आणि किकेने येत नाही, यातच उत्तर आहे. पेट्रोल दोन्ही वेळा तेच, ठिणगी तीच. फरक वेगाचा. धक्क्यात क्रँक जोरात फिरतो, हवेला गळायला वेळ मिळत नाही. किक संथ, तिथे बारीक गळतीही पुरते. म्हणजे कुठला तरी व्हॉल्व्ह पुरता बसत नाही.

या इंजिनाला पाच व्हॉल्व्ह, तीन आत घेणारे, दोन बाहेर टाकणारे, सगळे टायटॅनियमचे. टायटॅनियम हलकं, म्हणून इंजिन इतकं वर पळतं. पण त्याच्यावरचा कडक थर फार पातळ. एअर फिल्टरमधून आपल्या काळ्या मातीची धूळ गेली की तो थर आणि सीट दोन्ही घासतात, व्हॉल्व्ह सीटमध्ये आणखी वर बसतो आणि टॅपेटची फट कमी होत होत संपते. फट संपली की कॅम व्हॉल्व्हला पूर्ण बंदच होऊ देत नाही. लोकांना वाटतं, झिजलं की फट वाढते. बुलेटमध्ये पुष्कळदा तसं होतं. इथे उलट, आणि आवाजही येत नाही. उलट टॅपेटचा आवाज कमी झाला म्हणून मालक खूश असतो.

भाच्याला विचारलं, फिल्टर शेवटचा कधी धुतला. तो गाडीच्या चाकाकडे बघत राहिला.

१८ जानेवारी

रात्रभर गाडी थंड ठेवली. टाकी काढली, हेडचं झाकण काढलं. फ्लायव्हीलच्या कव्हरची टोपी उघडून खूण जुळवली, पिस्टन दाबाच्या टोकाला आणला. ज्या टोकासाठी महिनाभर किकेने चाचपडत होतो ते आज पान्याने मिलिमीटरपर्यंत गाठता आलं.

फीलर गेज भाच्याच्या हातात दिला. इनटेकची फट ०.१० ते ०.१५ मिमी हवी, एक्झॉस्टची ०.१७ ते ०.२२. एक्झॉस्टचे दोन्ही नीट. इनटेकच्या बाजूचे दोन ०.१० वर, अगदी कडेला. मधल्यात ०.०५ची पत्तीसुद्धा जाईना. सापडला.

बकेटच्या खालची शिम काढली, मायक्रोमीटरने मोजली. शिम ०.०५ मिमीच्या टप्प्यांनी मिळतात. फट वाढवायची म्हणून पातळ शिम घालायची. मधल्याला दोन टप्पे पातळ, बाजूच्यांना एकेक. कॅमच्या खुणा पुन्हा जुळवल्या, टॉर्क पान्याने आवळलं, हाताने दोन फेरे फिरवून पुन्हा मोजलं. हे पुन्हा मोजणं पोरांना कंटाळवाणं वाटतं. चुकीचा बसलेला कॅम पहिल्या किकेत व्हॉल्व्ह वाकवतो, मग कंटाळा येत नाही.

भाच्याने विचारलं, व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवू या का, आयटीआयच्या पुस्तकात आहे. पोलादी व्हॉल्व्हला चालतं. टायटॅनियमला पेस्ट लावून घासलं की तो थरच निघून जातो. हे व्हॉल्व्ह घासायचे नाहीत, बदलायचे. शिमने आपण थोडे दिवस विकत घेतलेत, एवढंच. एकदा फट कमी व्हायला लागली की पुढे भराभर होते. पुन्हा लवकर घट्ट झाला तर नवे व्हॉल्व्ह, आणि सीट कापून घ्यायची.

फिल्टर धुतला, तेल लावलं. संध्याकाळी लाल लिव्हरला हात न लावता, गरम, पहिल्या किकेत.

१ फेब्रुवारी

ट्रॅकवर एकाने नवी साडेचारशे आणली, सेल्फवाली. बटण दाबलं, सुरू. पडला, बटण दाबलं, सुरू. भाच्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

सेल्फला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. केटीएमने २००७ला मोटोक्रॉसच्या साडेचारशेला सेल्फ दिला तेव्हा वजन वाढलं म्हणून लोक हसले. पुढे होंडाने २०१८ला सीआरएफ ४५० आर सेल्फसकटच विकायला सुरुवात केली, त्याच वर्षी यामाहाची साडेचारशे आली, मग कावासाकी. सुझुकीची आरएम-झेड ४५० मात्र किकवरच राहिली. लिथियमच्या हलक्या बॅटरीने वजनाचा मुद्दा बराचसा संपवला, जरी थंडीत ती बॅटरी सुरुवातीला दम टाकते. शर्यतीत पडलेल्याला सेल्फ मिळायलाच हवा. गुडघेही वाचतात. माझे आता किकेचे राहिले नाहीत, हे तर आहेच.

पण एक आहे. किकवाल्या गाडीत व्हॉल्व्ह घट्ट व्हायला लागला की पायाला आठवडाभर आधी कळतं. किक जास्त लागते, लाल लिव्हर लागतो, धक्का लागतो. सेल्फची मोटर पायाहून जास्त वेळ न थकता फिरवत राहते, गळती झाकली जाते, आणि मालकाला कळतं तेव्हा व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनवर पडलेलं असतं. हेड, पिस्टन, सिलिंडर, सगळंच जातं. त्या साडेचारशेवाल्याला विचारलं, टॅपेट कधी मोजलं? तो म्हणाला, “काका, बटण दाबलं की सुरू होते ना.”

तेव्हा सेल्फवाल्यांना विनंती. गाडीच्या पुस्तकात टॅपेट मोजायचे तास दिलेले असतात, ते पाळा. बटण नेहमीपेक्षा क्षणभर जास्त दाबावं लागलं तर त्याच आठवड्यात मोजा. जेट, प्लग, कार्बुरेटर, कॉम्प्युटरचा मॅप यांतलं काहीही बदलण्याच्या आधी मोजा. आणि इंजिन पूर्ण थंड असताना मोजा, गरम इंजिनाचा आकडा कामाचा नसतो.